नोंद नसलेली टाच

"बाबू, बूट काढू का?" असं विचारतच आप्पा ओट्यावर टेकले. पलटणीत मी हवालदार क्लार्क होतो, त्यामुळं घरी येऊन अकरा वर्षं झाली तरी आसपासच्या माजी सैनिकांचा मी 'बाबू'च. आप्पांनी डाव्या पायातला मोजा ओढला. पायाला एकही बोट नाही. बूट सैल पडू नये म्हणून पुढं कापसाचा बोळा कोंबलेला.

सियाचीनचा हिमदंश. कडाक्याच्या थंडीत शरीर काळीज जपायला हातापायांचं रक्त आखडतं घेतं. मग बोटांत बर्फाचे कण धरतात, बोटं आधी बधिर होतात आणि पुढं काळी पडतात.

आप्पांचे पेन्शनचे कागद मात्र चोख होते. हेलिकॉप्टरनं खाली आणल्याची, इस्पितळात भरती केल्याची, बोटं कापल्याची, सगळ्याची तारीख. अपंगत्व 20 टक्के, सेवेमुळंच झालेलं. डिसॅबिलिटी पेन्शनला किमान तेवढंच लागतं. काम उरलं होतं ते 20 चे 50 करण्याचं. अपंगत्व 50 टक्क्यांहून कमी असेल तर ते 50 धरायचं, हा लाभ मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात सांगितलं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम, हा हिशोब. पगार 30,000 असेल तर 20 टक्क्यांना 1,800 आणि 50 ला 4,500. लष्करी न्यायाधिकरणात अर्ज केला, काम झालं. (2023 च्या सप्टेंबरात या पेन्शनचे नवे नियम आले, म्हणून मी आधी निवृत्तीची तारीख विचारतो.)

माझा जीव अडकतो तो टाचवाल्यांपाशी. आमच्या तालुक्यातलाच एक नाईक. सकाळी उठला की पहिली दहा पावलं भिंत धरून टाकतो. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो. वर्षानुवर्षं जड बुटात, हत्यारासह पाच-पाच किलोमीटर धावून तो दुखावतो. रात्रभर आखडतो आणि सकाळी पाय टेकला की ताणून कळ मारतो.

"सिक रिपोर्ट कितीदा केलास?"

"एकदाबी नाय. लो मेडिकल कॅटेगरी लागली असती तर प्रमोशन गेलं असतं. पोरं कामचुकार म्हणाली असती ते वेगळंच."

खिशातल्या गोळ्यांवर त्यानं सतरा वर्षं काढली. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डापुढंही 'काही त्रास नाही' म्हणून सही केली, कारण घरी जायची घाई. कायदा तसा जवानाच्या बाजूचा आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढं सेवेत निघालेला आजार सेवेमुळंच झाला असं धरायचं आणि तसं नसेल तर ते सरकारनं दाखवायचं, असं 2013 च्या धरमवीर सिंह निकालात आहे. पण आजार सेवेत निघाला, एवढं तरी कागदावर हवं ना! त्याच्याकडं भरतीचा निरोगी कागद आहे आणि निवृत्तीचाही निरोगीच. मधली सतरा वर्षं फक्त टाचेला माहीत.

त्याचा अर्ज मी लिहिला, पण आशा दाखवली नाही.

आता त्याचा पोरगा भरती झालाय. परवा फोनवर बाप त्याला दरडावत होता, "टाच दुखती? मग दवाखान्यात, एमआय रूमला जा. आधी नोंद कर, मग गोळी घे."