औषधचाचणीमागची माणसं

औषधाची चाचणी म्हटलं की डोळ्यांपुढे डॉक्टर येतो. मुंबईच्या केईएमसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागात मुख्य संशोधक डॉक्टरच असतो आणि अंतिम जबाबदारीही त्याचीच. पण रोजचा गाडा ओढतो तो स्टडी कोऑर्डिनेटर. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत समजावणं, ‘घरी विचारून या, घाई नाही’ असं सांगणं, ठरल्या तारखेला न आलेल्याला फोन लावणं, उरलेल्या गोळ्या मोजून घेणं, सगळं त्याच्याकडे (बहुधा तिच्याकडे). परिचारिका नेमक्या वेळांना रक्त घेते. औषध शरीरात किती वेळ टिकतं ते त्यावरून कळतं. औषधांचा साठा फार्मासिस्ट सांभाळतो, आकडे संख्याशास्त्रज्ञ.

या सगळ्यांवर नजर असते नीतिसमितीची. २०१९च्या नियमांनुसार तिच्यात किमान ७ सदस्य लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक सामान्य नागरिक. मला हाच सदस्य सर्वांत मोलाचा वाटतो. ‘हे कळलं नाही, सोपं करून लिहा’ असं तोच बेधडक म्हणू शकतो. रुग्णाला गंभीर त्रास झाला तर संशोधकाला ते २४ तासांत या समितीलाही कळवावं लागतं.

चाचणीतून कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. सही केलीत तर संमतीपत्राची प्रत मात्र मागून घ्या.