गूगलला न सापडणारी पोस्ट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्लॉगवर पोस्ट प्रसिद्ध झाली की ती गूगलवर आलीच, हा या विषयातला सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. पोस्ट प्रसिद्ध होणे म्हणजे इंटरनेटवरच्या एका पत्त्यावर ते पान उपलब्ध होणे, इतकेच. गूगल, बिंग यांसारखी सर्च इंजिने कुणी काही शोधले की त्या क्षणी सारे इंटरनेट धुंडाळायला निघत नाहीत; आधीच वाचून साठवलेल्या पानांच्या सूचीत शोधतात. ही सूची म्हणजे इंडेक्स. तिथवर पोहोचण्याआधी पोस्टचा पत्ता सर्च इंजिनाला कळावा लागतो. मग गूगलबॉट नावाचा प्रोग्राम त्या पत्त्यावर जाऊन पान वाचतो. याला क्रॉल करणे म्हणतात. वाचून झाल्यावर ते पान सूचीत ठेवायचे की नाही, हे ठरते. ‘पोस्ट इंडेक्स होत नाही’ ही तक्रार यांपैकी कोणत्याही टप्प्यावरची असू शकते आणि दर टप्प्याचा उपाय वेगळा आहे. पुढचे बहुतेक गैरसमज हे टप्पे एकमेकांत मिसळल्याने झालेले आहेत.

आज ना उद्या प्रत्येक पान इंडेक्स होतेच, असेही मानले जाते. इंटरनेटवर एक लाख कोटी वेगवेगळे पत्ते आढळल्याचे गूगलने २००८ मध्येच जाहीर केले होते आणि त्यातली सगळी पाने आपण सूचीत घेत नाही, हेही तेव्हाच सांगितले होते. सर्व नियम पाळलेले पानसुद्धा इंडेक्स होईल याची हमी गूगल देत नाही. ब्लॉगर ही सेवा २००३ पासून गूगलच्या मालकीची आहे, म्हणून तिथल्या पोस्टना आत आपोआप प्रवेश मिळतो, हा समजही तितकाच पोकळ आहे.

मुळात पोस्ट इंडेक्स झाली नाही, हे ठरवण्याची प्रचलित पद्धतच चुकीची आहे. पोस्टचे शीर्षक गूगलमध्ये टाकायचे, पहिल्या दोन पानांवर ती दिसली नाही की ‘इंडेक्स नाही’ म्हणायचे. इंडेक्समध्ये असणे आणि निकालात वर दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘साइट:’ लिहून पुढे ब्लॉगचा पत्ता दिला तर येणारी यादीही पूर्ण असेलच असे नाही. भरवशाचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते: गूगल सर्च कन्सोल या मोफत सेवेत, जिचे नाव २०१५ पर्यंत वेबमास्टर टूल्स होते. तिथल्या ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये पोस्टचा पत्ता टाकला की ती सूचीत आहे का, नसल्यास कोणत्या कारणाने, आणि गूगलबॉट शेवटचा कधी येऊन गेला, हे कळते. हा शेरा वाचण्याआधी केलेली कोणतीही दुरुस्ती म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

साइटमॅप भरला की काम झाले, असे अनेकांना वाटते. साइटमॅप ही केवळ पत्त्यांची यादी आहे. एका फाइलीत ५०,००० पत्ते आणि ५० एमबी इतकी तिची मर्यादा; साधा ब्लॉग त्याच्या जवळपासही जात नाही. ही यादी पहिल्या टप्प्यापुरती उपयोगी पडते. पान वाचण्याची किंवा ठेवण्याची सक्ती ती करू शकत नाही. त्यातला ‘प्रायॉरिटी’चा आकडा तर गूगल विचारातही घेत नाही, त्यामुळे प्रत्येक पोस्टला सर्वोच्च प्राधान्य देऊन काही साधत नाही. साइटमॅपपेक्षा दुर्लक्षित, पण महत्त्वाचा मार्ग म्हणजे ब्लॉगच्याच इतर पानांवरून दिलेले दुवे. मुखपृष्ठावरून खाली सरकलेल्या आणि दुसऱ्या कुठल्याही पोस्टमधून दुवा नसलेल्या जुन्या लेखाकडे गूगलबॉट क्वचितच फिरकतो.

सर्वाधिक गोंधळ आहे तो रोबोट्स.टीएक्सटी ही फाइल आणि ‘नोइंडेक्स’ ही सूचना यांबाबत. रोबोट्स.टीएक्सटीची कल्पना मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये मांडली आणि २०२२ मध्ये तिला अधिकृत इंटरनेट मानकाचे रूप मिळाले. अमुक पत्त्यांवर जाऊ नये, एवढेच ही फाइल बॉटला सांगते. पान सूचीत घेऊ नये, असे ती सांगत नाही. त्यामुळे फाइलीने अडवलेल्या पानाला बाहेरून दुवे असतील, तर त्याचा नुसता पत्ता गूगलच्या निकालात येऊ शकतो. सूचीतून वगळायला पानावर ‘नोइंडेक्स’ लागते, आणि ती सूचना वाचायला बॉटला आत येऊ द्यावे लागते. दोन्ही एकदम लावणे म्हणजे दाराला कुलूप घालून ‘आत येऊ नये’ची पाटी माजघरात टांगणे. रोबोट्स.टीएक्सटीमध्येच ‘नोइंडेक्स’ लिहिण्याची जुनी युक्ती १ सप्टेंबर २०१९ पासून गूगलने मानणे बंद केले आहे. तरी मदतीच्या नावाखाली ती अजून फिरत असते.

ब्लॉगरवरचे एक नेहमीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सर्च कन्सोलकडून ‘काही पाने इंडेक्स होत नाहीत’ अशी ईमेल येते. अहवाल उघडल्यावर ‘ब्लॉक्ड बाय रोबोट्स.टीएक्सटी’ या शेऱ्याखाली डझनावारी पत्ते दिसतात आणि ब्लॉगलेखक धास्तावतो. हे पत्ते नीट वाचले तर जवळजवळ सगळ्यांत ब्लॉगच्या नावानंतर ‘/सर्च’ असते. ही लेबलांची पाने: ‘कविता’ किंवा ‘प्रवास’ या लेबलावर टिचकी मारली की त्या विषयाच्या पोस्ट एकत्र दाखवणारी. ब्लॉगर ती मुळातच अडवून ठेवतो, कारण त्यांतला मजकूर मूळ पोस्टमध्ये असतोच. मोबाइलवर उघडल्यावर पत्त्याच्या शेवटी ‘?एम=१’ जोडले जाते; तसे पत्तेही ‘पेज विथ रीडायरेक्ट’ किंवा ‘अल्टरनेट पेज विथ प्रॉपर कॅनॉनिकल टॅग’ या नोंदीखाली येतात. यांत दुरुस्त करण्याजोगे काहीही नाही. उलट घाबरून रोबोट्स.टीएक्सटी बदलायला गेलेल्यांनी स्वतःच्या पोस्टच अडवून ठेवल्याची उदाहरणे आढळतात.

वर्डप्रेसवर खरा दोष बहुधा एका चौकटीत सापडतो. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रीडिंग’ या पानावर सर्च इंजिनांना परावृत्त करण्याचा पर्याय असतो. संकेतस्थळ तयार होत असताना तो निवडला जातो आणि उद्घाटनाच्या गडबडीत तसाच राहून जातो. २०१९ मधल्या ५.३ या आवृत्तीपासून ही चौकट प्रत्येक पानावर ‘नोइंडेक्स’ लावते. म्हणजे एका टिचकीने अख्खा ब्लॉग गायब. ब्लॉगरच्या सेटिंगमध्येही सर्च इंजिनांना दिसण्याचा पर्याय आहे. तो सुरू असल्याची खात्री आधी करावी.

‘डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ आणि ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ हे दोन शेरे एकाच अर्थाचे समजले जातात. पहिल्याचा अर्थ पत्ता कळला, पण पान अजून वाचलेले नाही. नव्या ब्लॉगच्या बाबतीत हा बहुतेकदा वेळेचा प्रश्न असतो. मात्र स्वस्तातले होस्टिंग वारंवार कोलमडत असेल, किंवा सुरक्षेसाठी बसवलेले प्लगइन गूगलबॉटलाच हुसकावत असेल, तर बॉट फेऱ्या कमी करतो. ‘क्रॉल बजेट’, म्हणजे एका संकेतस्थळावरची किती पाने बॉट वाचेल याची मर्यादा, या बागुलबुवाची भीती येथे उगीच घातली जाते. लाखो पानांच्या किंवा रोज हजारो पाने बदलणाऱ्या संकेतस्थळांपलीकडे त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

दुसरा शेरा जास्त झोंबणारा आहे. पान वाचले, आणि ठेवले नाही. येथे तांत्रिक बिघाड शोधत बसणे बहुतेक वेळा व्यर्थ असते, कारण हा निर्णय आहे. गणपतीच्या आरत्या, सुविचार, भरतीच्या जाहिराती, शासन निर्णयांची जशीच्या तशी उतरवलेली कलमे असा मजकूर आधीच असंख्य ठिकाणी आहे. त्याची आणखी एक प्रत ठेवून वाचकाला नवे काही मिळत नाही. ‘नक्कल केली की गूगल दंड करते’ हे विधानही अर्धवट आहे. केवळ मजकूर सारखा आहे म्हणून शिक्षा होत नाही. सारख्या पानांतून एक प्रातिनिधिक पत्ता निवडला जातो आणि बाकीचे मागे राहतात. वृत्तपत्राच्या पुरवणीत आलेला आणि वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर असलेला लेख लेखकाने नंतर स्वतःच्या ब्लॉगवर टाकला, तर वृत्तपत्राचे पान निवडले जाण्याची शक्यता मोठी, मग लेख त्याचाच का असेना. २००९ मध्ये आलेला ‘कॅनॉनिकल’ टॅग आपल्या पसंतीचा पत्ता सुचवण्यासाठी असतो, पण ती सूचना आहे, आज्ञा नव्हे.

शब्दसंख्येची अट कुठेही नाही. ‘तीनशे शब्दांखाली पोस्ट इंडेक्स होत नाही’ हा आकडा कुणाच्या तरी अंदाजातून आलेला आहे. पोस्टमध्ये कीवर्डची माळ ओवण्याचाही उपयोग नाही; कीवर्डचा मेटा टॅग क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच सांगून टाकले होते. जाहिराती घेतल्याने किंवा पैसे भरल्याने पान लवकर क्रॉल होत नाही. ‘चोवीस तासांत इंडेक्स करून देतो’ म्हणणाऱ्यांपैकी काही जण गूगलचा इंडेक्सिंग एपीआय, म्हणजे प्रोग्रामद्वारे गूगलला थेट पत्ता कळवण्याची सोय, वापरतात; तो केवळ नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाची पाने यांसाठी आहे. २०२१ मध्ये आलेली ‘इंडेक्सनाउ’ ही व्यवस्था बिंग आणि यांडेक्स यांना नव्या पत्त्याची वर्दी देते. गूगल तीत सहभागी नाही.

मराठी ब्लॉगांबद्दलचे काही गैरसमज खास इथलेच आहेत. मराठी मजकूर इंडेक्स होत नाही, हा त्यातला ठळक. गूगल पानाची भाषा त्यावरच्या मजकुरावरून ओळखते आणि मराठीला आडकाठी नाही. ब्लॉगरवर देवनागरी शीर्षक दिले की पत्त्यात नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एखादा आकडा येतो. ते दिसायला बेंगरूळ, पण इंडेक्स होण्याच्या आड येत नाही. देवनागरी पत्ता कॉपी केल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग होते, तीही निरुपद्रवी. खरा अडथळा आहे तो युनिकोडपूर्व फॉन्टचा. शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक ओळ असते. असा लेख सूचीत गेला तरी मराठी शब्द शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. आधी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर हवे. सुंदर पार्श्वभूमीवर चित्र म्हणून टाकलेल्या कवितेचेही तेच. चित्राखाली ती कविता अक्षरांत लिहावी.

दोष दूर केल्यावर ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ हे बटण एकदा दाबणे पुरेसे आहे. तेच बटण रोज दाबल्याने काम लवकर होत नाही, आणि रोजच्या विनंत्यांना मर्यादाही आहे. क्रॉल व्हायला काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात. तेवढ्यात धीर सोडून पोस्ट काढू नये आणि नव्या पत्त्यावर पुन्हा टाकू नये. तसे केल्यास पत्ता कळण्यापासूनचे सगळे टप्पे पहिल्यापासून सुरू होतात.