रॅम खोडरबराने घासावी का? समजून घ्या सोनेरी पट्ट्यांमागचं विज्ञान

कॉम्प्युटर सुरू होत नाही, नुसता बीप-बीप आवाज येतो. मग कुणीतरी सांगतं, "रॅम काढ, खोडरबराने घास आणि परत लाव." अनेकदा कॉम्प्युटर खरंच सुरू होतो! पण हा उपाय योग्य आहे का?

सोनंच का?

रॅमच्या कडेच्या पट्ट्या आतून तांब्याच्या असतात. त्यावर निकेलचा आणि सर्वांत वर सोन्याचा थर असतो. सोनं गंजत नाही, त्यामुळे वीज विनाअडथळा वाहते. पण सोनं मऊ असतं. म्हणून त्यात किंचित कोबाल्ट किंवा निकेल मिसळून ते कठीण करतात. चांगल्या कनेक्टरवर हा थर साधारण ०.७६ मायक्रॉन असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम शंभरावा भाग. स्वस्त कनेक्टरवर तो आणखी पातळ असतो. खोडरबराने घासताना हाच थर झिजतो.

मग कॉम्प्युटर सुरू कसा होतो?

रॅम बसवताना स्लॉटमधल्या स्प्रिंगसारख्या पिना पट्ट्यांवर घासत जातात. त्यामुळे वरचा मळ बाजूला सरतो. अनेकदा काम होतं ते रॅम काढून परत लावल्यामुळेच, श्रेय मात्र खोडरबराला मिळतं!

अर्थात, प्रत्येक वेळी थोडं सोनंही झिजतं. म्हणून कनेक्टरचं आयुष्य तो किती वेळा लावता-काढता येईल यावर मोजतात. यूएसबी टाइप-सीसाठी हा आकडा १०,००० आहे. रॅमचा स्लॉट इतक्या वापरासाठी बनवलेला नसतो.

कनेक्टरला हात न लावताही झीज होते. पंख्याची थरथर आणि तापणं-थंड होणं यामुळे टेकलेले भाग काही मायक्रॉन मागे-पुढे सरकत राहतात. याला 'फ्रेटिंग' म्हणतात. सोनं झिजून खालचा धातू उघडा पडला की त्यावर ऑक्साइड साचतो आणि संपर्क अधूनमधून तुटतो.

वंगण चालतं का?

झीज कमी करण्यासाठी काही कनेक्टरवर कारखान्यातच खास वंगणाचा पातळ थर देतात. वंगणातून वीज वाहत नाही, मग संपर्क कसा होतो? धातूचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. दाब पडला की त्यावरचे उंचवटे वंगण बाजूला सारून एकमेकांना टेकतात आणि वीज तिथून वाहते. वंगण आजूबाजूच्या खोलगट भागात राहतं, घर्षण कमी करतं आणि हवा, ओल दूर ठेवतं. घरातलं मशीनचं तेल किंवा ग्रीस मात्र लावू नका, त्यावर धूळ चिकटते.

तुम्ही काय कराल?

वीजपुरवठा बंद करून प्लग काढा. रॅम काढून पुन्हा नीट बसवा. तरीही अडलं, तर धागे न सुटणारं कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलं करून पट्ट्या हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. खोडरबर कंपासपेटीतच बरा.