मोडलेले पाचवे शील

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन आमच्याकडे होते. इंझोरीतला माझा चुलतभाऊ दारू सोडल्यापासून दोन वर्षे या वाचनाला नेमाने बसत होता. गेल्या पावसाळ्यात तो पुन्हा प्यायला आणि यायचाच थांबला. बोलवायला गेलो तर म्हणाला, ‘‘शील मोडलं म्या. आता कोन्त्या तोंडानं विहारात येऊ?’’

या प्रश्नाने मला पाली ग्रंथांकडे परत नेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला तिने स्वाभिमान दिला. पण ज्याच्याकडून ती मोडते, त्याला तीच लाजेचे ओझे वाटू लागते.

पाचव्या शीलाचे शब्द सुटे करून पाहावेत. सुरा म्हणजे धान्यापासून केलेले मद्य, मेरय म्हणजे फळाफुलांचे आंबवलेले. ‘पमादट्ठान’ म्हणजे बेसावधपणाचे कारण. आक्षेप आहे तो सावधपणा हरवण्यावर. पुढचा शब्द ‘सिक्खापद’, म्हणजे शिकण्याची पायरी. आणि ‘समादियामि’ म्हणजे मी स्वतःहून स्वीकारतो. यात कोणाची आज्ञा नाही. म्हणूनच प्रत्येक वंदनेच्या वेळी आपण पंचशील नव्याने घेतो. शिकणारा चुकणार, हे त्यात गृहीत आहे.

विनयपिटकातली सागत भिक्खूची कथा याहून बोलकी आहे. नागाला नमवणाऱ्या या भिक्खूला कोसंबीच्या लोकांनी घरोघरी मद्य दिले. तो नगराच्या वेशीशीच कोसळला. बुद्धांनी त्याला भिक्खूंकरवी उचलून आणवले. त्यानंतर मद्यपानाविरुद्ध नियम झाला, पण तो ‘पाचित्तिय’ वर्गातला: दोष कबूल करून शुद्ध होण्याचा, संघातून काढण्याचा नव्हे. अंगुत्तरनिकायात अग्रगण्य शिष्यांची यादी आहे. तेजोधातूत निपुण म्हणून तीत सागताचेच नाव आहे.

अ‍ॅलन मार्लट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने व्यसनाबद्दल असेच काही मांडले. एकदा पाय घसरला की माणूस म्हणतो, ‘आता सगळेच संपले’. आणि पहिल्या पेल्याइतकीच ही अपराधी भावनाही त्याला जुन्या व्यसनात लोटते. मार्लट यांनी सिएटलच्या कैद्यांमध्ये विपश्यनेचा अभ्यासही केला. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. तिच्याशी न झगडता, तिच्यामागे न जाता ती पाहावी, असे ते शिकवत.

ही पद्धत बुद्धांच्या कारणसाखळीशी जुळते. स्पर्शातून वेदना, म्हणजे सुखदुःखाची संवेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान, म्हणजे घट्ट धरून बसणे. साखळी तुटू शकते ती वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये. सत्यनारायण गोएंका अर्धशिशीसाठी मॉर्फिनची इंजेक्शने घेत आणि त्याची सवय लागण्याची भीती होती. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर तीच साधना शिकवली जाते.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर हातापायांना कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग ध्यान.

मी भावाला सागताची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारले, ‘‘त्याले उचलून आनलं?’’ मी हो म्हणालो. आश्विनी पौर्णिमेला तो विहारात आला, मागच्या रांगेत बसला आणि सगळ्यांबरोबर त्याने पाचवे शील पुन्हा घेतले.