मात्रा कोणाच्या वजनाची?

एचआयव्ही, टीबी आणि कावीळ : लेखांक 7

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, गोळ्या विषाणूला कशा रोखतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्या गोळीत औषध किती मिलिग्रॅम असावं हे कोणी आणि कोणाला तपासून ठरवलं, हे क्वचितच विचारलं जातं. सुरुवातीच्या बहुतेक औषधांच्या मात्रा अमेरिका-युरोपातल्या रुग्णांवरच्या चाचण्यांतून ठरल्या. पन्नास-साठ किलो वजनाच्या थाई रुग्णांना तीच मात्रा दिली, की काही औषधांचं रक्तातलं प्रमाण गरजेपेक्षा बरंच वर जाई.

हे मोजून पाहणारं केंद्र 1996 साली बँकॉकमध्ये उभं राहिलं. थाई रेड क्रॉसचे डॉ. प्रफान फानुफाक, सिडनीचे डेव्हिड कूपर आणि ॲमस्टरडॅमचे योप लांगे यांनी मिळून स्थापन केलेल्या या केंद्राचं नाव ‘एचआयव्ही-नॅट’. लांगे 2014 मध्ये मेलबर्नच्या एड्स परिषदेला निघाले असताना युक्रेनवर पाडल्या गेलेल्या विमानात मृत्युमुखी पडले. केंद्राचं काम मात्र थांबलं नाही.

अटाझानाविर हे दुसऱ्या फळीतलं औषध घ्या. यकृतातलं जे एन्झाइम बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचा निचरा करतं, त्यालाच ते अडवतं. यकृत ठणठणीत असतं, तरी डोळे पिवळे पडतात. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. पण आपल्याकडे पिवळे डोळे दिसले की शेजारीपाजारी ‘कावीळ झाली का?’ म्हणतात आणि कोणीतरी गावठी औषधवाल्याचा पत्ताही देतो. आजार घरातही न सांगितलेल्या माणसाची त्या एका प्रश्नाने किती कोंडी होते! मग तो गुपचूप गोळ्या सोडतो. थायलंडमधल्या रुग्णालयांनी एकत्र येऊन 559 रुग्णांवर चाचणी केली. त्याचा परिणाम वाढवणारं जोडीचं औषध रिटोनाविर तेवढंच ठेवून निम्म्या रुग्णांना अटाझानाविर 300 ऐवजी 200 मिलिग्रॅम दिलं. विषाणू तितकाच आटोक्यात राहिला. म्हणजे अनेकांच्या पोटात जाणारं जादा औषध गरजेचं नव्हतंच. मला या सगळ्या कामातली ही चाचणी सर्वांत मोलाची वाटते, कारण तिचा संबंध थेट रुग्णाच्या तक्रारीशी आहे.

टीबी जोडीला आला की गणित उलटं फिरतं. टीबीवरचं रिफाम्पिसिन यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स चेतवतं, आणि एचआयव्हीची औषधं रक्तातून भराभर नाहीशी होतात. अटाझानाविर तर रिफाम्पिसिनसोबत चालतच नाही. तिथे रिफाब्युटिन द्यावं लागतं. एफाविरेन्झ हे एचआयव्हीवरचं औषध चालतं, पण पाश्चात्त्य रुग्णांवरच्या मोजमापावरून त्याची मात्रा 600 वरून 800 मिलिग्रॅम करा, असा सल्ला होता. थाई डॉक्टरांनी टीबीच्या रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा 600 पुरेसं असल्याचं दिसलं. पुढे सिडनीच्या किर्बी संस्थेने 13 देशांतल्या 630 रुग्णांवर चाचणी घेतली आणि टीबी नसलेल्यांना 400 मिलिग्रॅमही पुरतं, असा निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही ती मात्रा आली.

असे प्रश्न एकट्या रुग्णालयाच्या आवाक्यातले नसतात. म्हणून 2003 पासून आशियातल्या केंद्रांनी रुग्णांची नावं वगळून त्यांच्या नोंदी एकत्र करायला सुरुवात केली. त्या नोंदींत पुण्यातल्या आणि चेन्नईतल्या रुग्णांच्याही आहेत.

हेपटायटिस सीची अडचण वेगळी होती. तिथे मात्रेपेक्षा किंमत आडवी आली. त्यावरचं सोफोस्बुविर अमेरिकेत आलं तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत 84,000 डॉलर होती. भारतात परवान्याखाली स्वस्त गोळ्या बनू लागल्या, पण मलेशिया आणि थायलंड सुरुवातीला त्या परवान्याबाहेर होते. मलेशियाने 2017 मध्ये पेटंट बाजूला सारून सरकारी वापराचा हक्क बजावला. शिवाय थायलंडसोबत, इजिप्तमध्ये बनलेल्या राविडासविरची सोफोस्बुविरच्या जोडीने 301 रुग्णांवर चाचणी केली. त्यांत एचआयव्ही असलेलेही होते. 97 टक्के बरे झाले, आणि 2021 मध्ये मलेशियाने औषधाला मान्यता दिली.

आता एफाविरेन्झची जागा डोल्युटेग्राविरने घेतली आहे आणि जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते; आपल्या एआरटी केंद्रांतही ती वेगळी दिली जाते. केप टाउनमधल्या एका छोट्या चाचणीत या दुसऱ्या गोळीशिवायही बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबला. पण ती गोळी बंद करायची, तर याहून मोठा पुरावा हवा आणि त्यात आशियातले हलक्या वजनाचे रुग्णही हवेत.

(पुढील लेखांक : हेपटायटिस बी आणि मधेच थांबवू नयेत अशा गोळ्या)