कार्बुरेटरच्या मोटारीची पेट्रोलवाहिनी

शिरूरहून न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून दौंड तालुक्यांत शिरलें कीं दोन्ही अंगांस उसाचे मळे लागतात. या उसाचा आणि आपल्या मोटारीचा संबंध आतां थेट पेट्रोलच्या टाकीपर्यंत पोहोंचला आहे. उसाचा रस व मळी यांपासूनहि इथेनॉल काढतात, आणि पेट्रोलमध्यें तें मिसळण्याचें प्रमाण २०२५ सालीं देशांत शेंकडा वीसवर गेलें. शिरूर तालुक्यांतील रांजणगांवच्या कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या गाड्यांत कार्बुरेटरच नसतो. प्रश्न आहे तो कुर्ल्यास तयार झालेली जुनी पद्मिनी ज्यांनीं जपली आहे आणि तिचें इंजिन अधिक जोमदार करून घेतलें आहे, त्यांचा.

अशा गाडीस पेट्रोलची नळी कोणती असावी? पहिला विचार मनांत येतो तो जाड नळीचा. तो हिशेबानें तपासून पाहूं. पद्मिनीचें १०८९ घनसेंटिमीटरचें इंजिन मुळांत सुमारें ४० अश्वशक्तीचें. तें ८० पर्यंत नेलें असें धरलें, तरी पूर्ण जोरावर त्यास मिनिटाला सुमारें अर्धा लिटर पेट्रोल लागेल. ८ मिलिमीटर पोकळीच्या नळींतून तेवढें पेट्रोल सेकंदाला वीतभरहि सरकत नाहीं. म्हणजे ८ मिलिमीटरची नळी पुरून उरते. त्याहून जाड नळीनें कांहीं साधत नाहीं.

दुसरा भ्रम दाबाचा. कार्बुरेटरच्या वाटींत तरंगता फ्लोट असतो. वाटी भरली कीं तो सुईच्या झडपेनें वाट बंद करतो. ही झडप चौरस इंचास सुमारें ३ ते ४ पौंड दाबापर्यंतच निभावते. नव्या गाडीचा जोरकस विजेचा पंप तसाच जोडला, तर सुई उचलली जाऊन पेट्रोल ओसंडतें. म्हणून कार्बुरेटरसाठींच केलेला कमी दाबाचा पंप घ्यावा, किंवा मध्यें दाबनियंत्रक बसवावा. विजेचा पंप टाकीजवळ खालच्या बाजूस असावा. पेट्रोल ओढण्यापेक्षां ढकलणें त्यास सोपें जातें. अपघात होतांच अगर इंजिन थांबतांच पंप आपोआप बंद पडेल, अशीहि योजना हवी.

खरा शत्रु उष्णता. वैशाखांत दौंडकडे पारा चाळिशीला टेकतो. बॉनेटखालचें तापमान त्याहून पुष्कळ अधिक. पेट्रोलमधील हलके भाग थोड्या उष्णतेनेंच वाफ होऊं लागतात, आणि इथेनॉलच्या मिश्रणानें ही प्रवृत्ति वाढते. नळींत वाफेचा बुडबुडा अडकला कीं गाडी चढावर धापा टाकून थांबते. यावर उपाय तीन: नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी, जेथें जवळून जाणें अटळ असेल तेथें पत्र्याचा आडोसा करावा, आणि कार्बुरेटरजवळून एक बारीक परतीची नळी टाकीकडे न्यावी. या परतीमुळें पेट्रोल फिरतें राहतें आणि वाफ टाकीकडे निघून जाते.

आतां नळीचें द्रव्य. जुन्या रबरास इथेनॉल फुगवतें, पुढें तें कडक होऊन तडकतें. रबरी नळी घेतांना तिच्यावरील छापील अक्षरें वाचावीं, ‘एस.ए.ई. जे ३० आर ९’ असा छाप असलेली, आंतून फ्लोरोकार्बनचें अस्तर असलेली नळी या कामास योग्य. लांब पल्ला पोलादी नळीचा ठेवावा आणि हलत्या जोडांपुरतेंच रबर वापरावें. तांब्याची नळी कंपनानें कालांतरानें तडकते. क्लिप गुळगुळीत कडांची असावी. दातेरी पट्टी रबर कापते.

फिल्टर दोन असावे: पंपाच्या आधीं जाड जाळीचा, कार्बुरेटरच्या आधीं बारीक. इथेनॉल जुन्या टाकींतला साठलेला गाळ सुटा करतें. म्हणून आरंभीं फिल्टर वरचेवर बदलावा. कांचेचा अगर प्लास्टिकचा फिल्टर तापल्या इंजिनावर टांगूं नये.

हें सर्व बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवून पंप चालवावा आणि प्रत्येक जोड कोरड्या फडक्यानें पुसून पाहावा. गाडीचा वेग वाढवण्याचा खटाटोप कितीहि केला, तरी तापल्या एक्झॉस्टवर पडणारा पेट्रोलचा एक थेंब तो राखेस मिळवूं शकतो. जोमदार इंजिनाची हौस करणाऱ्यानें पहिला खर्च या चार हात नळीवर करावा.