आपला मध कोणत्या वनातून येतो?

वैद्यकीच्या आरंभीच्या काळात घाऊक बाजारातून घेतलेला मधाचा डबा उघडला, तेव्हा त्यास धुराचा वास होता. दोन महिन्यांत वर फेस आला. ‘अस्सल रानमध’ म्हणून तो मिळाला होता आणि विक्रेता खोटे बोलला नव्हता. दोष होता तो काढण्याच्या रीतीत.

आग्या माशीचे पोळे एकच, उघडे व उंच फांदीला लोंबणारे असते. वरच्या जाड भागात मध साठतो, खाली अंडी व अळ्या. टेंभ्याने माश्या जाळून अख्खे पोळे पिळले की अळ्यांचा रस व ओलावा मधात उतरतो आणि तो आंबतो. चरकाचार्यांनी मधाचे चार प्रकार सांगितले, सुश्रुताचार्यांनी आठ. मधास उष्णता वर्ज्य, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. तेच द्रव्य आगीच्या साहाय्याने गोळा होते, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड समाजाचे लहानसे गाव आहे. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. पण निर्णयापूर्वी अभ्यास, ही तेथील खरी विशेषता. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे अभ्यासगट रुजले. गावकरी व बाहेरचे जाणकार एकत्र बसून विषय समजून घेतात. निर्णय मात्र ग्रामसभेचा. पर्यावरण-शिक्षणाचा याहून अस्सल वर्ग माझ्या पाहण्यात नाही. मधाचाही असा अभ्यासगट झाला. अंगभर संरक्षक कपडे घालून, माश्या न जाळता, पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून घ्यायचा. अळ्यांचा भाग तसाच राहू द्यायचा. वसाहत जगते, पुढे पुन्हा मध देते, आणि वनातील फुलांचे परागीभवनही अखंड राहते.

या गावास वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूविक्रीचाही. ज्याचा हक्क, तोच राखण करतो. हक्क नसेल तर ‘मी नाही तोडले तर दुसरा तोडेल’ या भीतीने चारोळी कच्चीच उतरवली जाते आणि आवळ्याच्या फांद्या छाटल्या जातात. आपल्या औषधालयातील निकृष्ट मालाचे मूळ बहुधा येथेच असते.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव याहून एक पाऊल पुढे गेले. २०१२ साली सामूहिक हक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच थांबविले. कोवळ्या पानांसाठी झुडपे छाटावी लागतात, वणवे लावले जातात आणि फळ धरत नाही. तेंदूची फळे माणसाची, अस्वलाची व पाखरांचीही. वर्षातून एकदा हाती येणारा रोख पैसा सोडणे सोपे नव्हे. बांबूचे उत्पन्न होते म्हणून ते पेलवले, असे मला वाटते.

हा प्रश्न जिवावरचाही आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. पहाटेच्या अंधारात मोहाखाली वाकलेल्या माणसास उपजीविकेचा दुसरा मार्ग नसेल, तर त्यास व्याघ्रसंरक्षणाचे व्याख्यान कोणत्या तोंडाने द्यावे? असो.

औषधनिर्माते बंधू म्हणतील, आमचा यात संबंध काय? आपण खरेदीदार आहोत, हाच संबंध. स्वस्त माल मागितला की वनात घाई होते. हल्ली मध घेताना मी विचारतो : पोळे कसे काढले, आणि कोणत्या गावचे? उत्तर न मिळाल्यास घेत नाही. भाव अधिक पडतो. तो रुग्णाकडून घेताना संकोच वाटतो. म्हणून बाटलीसोबत पोळ्याची ही हकिकतही सांगतो. बहुतेक जण पैसे देतात. काही देत नाहीत, तेव्हा अनुपान बदलून देतो.